आधी भिंत, मग चहा

मी सरकती भिंत बोलतेय. इकडेतिकडे काय बघताय? तुम्ही जिला पाठ टेकून उभे आहात ना, तीच मी. टेका, टेका, माझी काही हरकत नाही. आजवर इतक्यांनी पाठी टेकल्यात की माझ्या कापडावर खांद्याच्या उंचीला एक काळपट पट्टाच उमटलाय. फक्त डोक्याला तेल चोपडून आलेल्यांनी जरा बेतानं, एवढीच विनंती.

तुमच्या घरच्या भिंती जागच्या हलत नाहीत. मला नाही बाई त्यांचा हेवा वाटत. जन्मभर एकाच खोलीकडे तोंड करून उभं राहायचं म्हणजे शिक्षाच की! माझं तसं नाही. मी उंच उंच फळ्यांची बनलेय. प्रत्येक फळीच्या डोक्यावर चाकं आहेत आणि ती छताच्या लोखंडी रुळात अडकवलेली आहेत. मला पसरलं की या मोठ्या सभागृहाची दोन दालनं होतात. गुंडाळलं की मी घडी घालून कडेच्या कोनाड्यात गप्प बसते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकीकडचा आवाज दुसरीकडे जाऊ नये म्हणून तिथे माझ्या पोटात लोकरीसारखा भराव कोंबला, वरून राखाडी कापड चढवलं. मला खरं तर निळं हवं होतं, पण मला विचारतंय कोण! इथे मला बसवायला आलेला फिटर शिडीवरून उतरला, मला सरकवणारी मोटर जोडायच्या आधी त्यानं मला नुसता तळहात लावला आणि मी सुळ्ळकन पुढे गेले. 'लाडाची आहे,' असं म्हणून तो स्वतःशीच हसला. तेवढं एक कौतुक मी आजतागायत जपून ठेवलंय.

ही इमारत शहराची. कुणा शेठची नाही, कुणा कंपनीची नाही. सगळ्यांनी भरलेल्या करातून उभी राहिलेली. उद्घाटनाच्या दिवशी एक आजोबा खांबावर हात आपटून म्हणत होते, "यातली एक तरी वीट माझी आहे बरं का!" त्यांच्या बायकोनं लगेच सुनावलं, "मग ती काढून घरी न्या. न्हाणीघराची केव्हाची पडलीये."

पहिली काही वर्षं माझी मजेत गेली. फर्निचरची प्रदर्शनं झाली, डॉक्टरांच्या परिषदा झाल्या, नोकरीचे मेळावे झाले. एकदा मांजरांचं प्रदर्शन होतं, तेव्हाचे ओरखडे अजून माझ्या पायाशी आहेत. माणसं माझ्या आडोशाला येऊन फोनवर बोलतात. "अगं, मी रस्त्यातच अडकलोय, येतोच," असं सांगणारे माझ्याच सावलीत वडे खात असतात. एका संध्याकाळी माझ्या या अंगाला शोकसभा होती आणि त्या अंगाला विनोदी कथाकथन. पोटातला भराव पार दडपून मी आवाज अडवत होते. तरी एक मोठा हशा निसटलाच. शोकसभेत बोलणारे गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्यांनाही हसायला फार आवडायचं." असं सांभाळून घेणारं माणूस विरळा.

मग माझी मोटर बंद पडली.

दुरुस्तीचा अर्ज वरच्या कचेरीत गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. मोटर नसली तरी मला हातानं हलवता येतं. एक लोखंडी हँडल आहे, ते कडेच्या खाचेत घालून फिरवायचं. पण ते फिरवायला अंगात जोर लागतो आणि माणसंही लागतात. आणि माणसं तर दिवसेंदिवस कमी होत चालली होती. कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, त्यांच्या जागी नवं कुणी आलंच नाही. शेवटी उरले एक व्यवस्थापक आणि एक पहारेकरी. मी मधोमध पसरलेली तशीच राहिले. पुढचं अर्धं सभागृह भाड्यानं जायचं. मागच्या अर्ध्यात अंधार.

हा व्यवस्थापक ताडमाड उंच. दारातून येताना वाकायची सवय लागलेला. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही नाक मुरडाल. कार्यक्रम असला की तो स्वतः खुर्च्या उचलायचा, स्वतः माईक जोडायचा, आणि पाहुणे आले की घाम पुसून कोट चढवून दारात उभा राहायचा. पण एकटा माणूस करून करून किती करणार? मग त्यानं एका सजावटवाल्याशी तोंडी ठरवलं. सजावटवाल्याची पोरं येऊन खुर्च्या लावतील, सतरंज्या घालतील, झाडलोट करतील. त्या बदल्यात सजावटवाल्यानं आपलं थोडंसं सामान मागच्या दालनात ठेवायचं. एका कोपऱ्यात.

आता कोपरा म्हणजे केवढा, हे कुणी ठरवलं नव्हतं. आधी चार कमानी आल्या. मग थर्माकोलचे खांब आले, कापडांचे गठ्ठे आले, एक भलामोठा पांढरा हंस आला. त्याची मान माझ्या फळीला टेकवून ठेवली होती. मला गुदगुल्या व्हायच्या. सामान वाढत वाढत मागच्या भिंतीला भिडलं आणि तिथली बाहेर पडायची दोन्ही दारं त्याच्याआड गडप झाली. मी सगळं बघत होते. पण मी पडले भिंत. मला तोंड कुठाय?

"मग यावर कुणाची देखरेख नव्हती का?" असं तुम्ही विचारणार. होती की! शहराची इमारत, म्हणून शहरातल्या माणसांचीच देखरेख समिती. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून सामान्य नागरिकांतून माणसं निवडायची आणि त्यांनी अधूनमधून येऊन इमारत बघायची. सगळं सभागृह एकत्र वापरायचं असेल, तर या समितीची संमती घ्यावीच लागते. अध्यक्ष मात्र बरीच वर्षं एकच होते, एक दातांचे डॉक्टर. मोठा गोड माणूस, सगळ्यांशी हसून बोलणारा. समिती आली की दर्शनी दार बघायची, स्वच्छतागृहं बघायची, रंगमंचावर चढून "हॅलो, हॅलो" करायची. तोवर पुढच्या दालनात टेबल मांडून चहा तयार असायचा. माझ्यामुळे ते दालन कसं आटोपशीर, घरगुती दिसायचं. मंडळी खुर्च्यांवर टेकायची, बिस्किटं बुडवायची, आणि चहा संपेपर्यंत सह्या झालेल्या असायच्या. कुणी लबाडी करत होतं असंही नाही. चहा आला की पाहणी संपली, अशी एक वहिवाटच पडून गेली होती. माझ्यापलीकडे अख्खं अर्धं सभागृह आहे, हे मंडळी विसरूनच गेली.

आणि त्या वर्षीच्या चिठ्ठीत निघाली आत्या.

ती व्यवस्थापकाची सख्खी आत्या. गुडघा दुखरा, आवाज खणखणीत. सारी नोकरी शहरातल्या बसमध्ये कंडक्टर म्हणून झालेली. समोर दोन माणसं जरी असली तरी भरल्या बसशी बोलल्यासारखी बोलायची. व्यवस्थापकाची आई तो लहान असताना गेली, तेव्हापासून त्याला हिनंच वाढवलं. सुट्टीत हिच्याच बसमधून तो दिवसभर हिंडायचा. एवढा उंच झाला तरी ती त्याला छोट्याच म्हणायची, तेही सगळ्यांसमोर. तो बिचारा कानापर्यंत लाल व्हायचा.

पहिल्याच दिवशी ती उभी राहून म्हणाली, "हे बघा, आधीच सांगते. हा माझा भाचा आहे. माझ्या हातचं खाऊन वाढलाय. मी इथे बसावं की नाही, ते तुम्ही ठरवा."

दातांचे डॉक्टर हसले. "अहो, आपल्या शहरात कोण कुणाचं काही लागत नाही? असे सगळे उठून गेले तर समितीत फक्त खुर्च्या उरतील. तुम्ही पाहणी करा, प्रश्न विचारा. फक्त त्याच्या नोकरीचा विषय निघाला तर मत देऊ नका, म्हणजे झालं."

"ठीक आहे," आत्या म्हणाली आणि बसली.

त्या दिवशी समितीपुढे एकच मोठं काम होतं. शहरातल्या सगळ्या शाळांचा मिळून गाण्यांचा मेळावा ठरला होता. शेकडो पोरं, त्यांचे आईबाप, सगळे इथे येणार. त्यासाठी मला गुंडाळून पूर्ण सभागृह उघडायचं होतं. व्यवस्थापकाची लेक चिमीसुद्धा त्यात गाणार होती. घरी तिनं एकच ओळ म्हणून म्हणून सगळ्यांना वेड लावलंय, असं तो पहारेकऱ्याला कौतुकानं सांगत होता.

नेहमीसारखी फेरी झाली. दार झालं, स्वच्छतागृह झालं, "हॅलो, हॅलो" झालं. चहा आला. डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे ओढून पेन उघडलं. आत्याचा गुडघा ठणकत होता, म्हणून ती खुर्ची सरकवून माझ्याजवळ आली आणि तिनं मला पाठ टेकली. मी जराशी हलले. ती वळली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हातानं थोपटलं.

"छोट्या, याच्यापलीकडे काय आहे रे?"

"मागचं अर्धं, आत्या."

"म्हणजे आपण अर्धंच बघितलं की!"

चहाचे घोट जागच्या जागी थांबले. डॉक्टर म्हणाले, "मोटर बंद आहे ना तिची. पुढच्या पाहणीला बघू."

"मेळावा त्याच्या आधी आहे, डॉक्टर."

"मी बघून घेतो आत्या, तू चहा घे," असं म्हणत व्यवस्थापक पुढे झाला. त्यानं तिला हाताला धरून माझ्या टोकाला, कोनाड्यापाशी नेलं. बाकीच्यांना वाटलं, गुडघ्याला शेक द्यायला नेतोय. ते पुन्हा बिस्किटांकडे वळले. मी मात्र दोघांच्या अगदी खांद्याशी होते.

"आत्या, आज नको," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्यासाठी एवढं कर. आज सही होऊन जाऊ दे."

"पलीकडे काय आहे ते सांग."

"सजावटवाल्याचं सामान आहे. मेळाव्याच्या दिवशी सगळं मागे सारून त्यावर पडदा सोडणार आहे. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"मागे म्हणजे दारांपाशी?"

त्यानं मान डोलावली.

"छोट्या, दारं उघडतात का?"

"सामान हलवलं की उघडतात."

"आणि सामान कोण हलवणार? चिमी?"

त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.  तो एकदम भडभडून बोलायला लागला. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? त्याला सामान ने म्हटलं तर तो नेईल, पण त्याची पोरंही नेईल. मग खुर्च्या कोण लावणार? मी आणि तो म्हातारा पहारेकरी? माणसं द्या म्हणून किती वेळा लिहिलं, कुणी ढुंकून बघितलं नाही. इतकी वर्षं काही झालं नाही, त्या एका दिवशी काय होणार आहे? आणि हे बाहेर आलं तर माझी नोकरी जाईल, आत्या. दुसरी कुणी देणार नाही."

आत्यानं माझ्या कडेला हात टेकला. सगळा भार माझ्यावर टाकला. माणसांना वाटतं, खणखणीत आवाजाच्या बायकांना भीती वाटत नाही. वाटते की! ज्याला घास भरवला त्याच्याच पोटावर पाय द्यायची वेळ होती ती.

"जाईल कदाचित," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा इतकं हळू बोलली असेल. "तू बसमध्ये माझ्या शेजारी बसायचास, आठवतं? घंटी मारायच्या आधी मी तुला काय सांगायचे?"

"दार बघ म्हणायचीस."

"मग?"

तो माझ्या कडेच्या खाचेकडे बघत राहिला.

"हे बघ, मी ओरडून सांगणार नाही. तू स्वतः उघड. पण तू नाही उघडलंस, तर मात्र मी सांगणार. मग तू माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल." एवढं बोलून ती लंगडत खुर्चीकडे गेली. चहा निवला होता. तो तिनं घेतला नाही.

व्यवस्थापक माझ्यापाशीच थांबला. त्यानं कपाळ माझ्या कापडाला टेकवलं. मला वाटलं, आता हा मागच्या दारानं निघून जाईल. मग आठवलं, मागचं दार उघडत कुठाय! तो वळला आणि आपल्या खोलीकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "येताना थोडी बिस्किटं आणा हो!"

तो परत आला तेव्हा हातात हँडल होतं.

त्यानं कोट काढला, बाह्या सारल्या आणि हँडल खाचेत घालून जोर लावला. माझी चाकं गंजली होती. मी कुरकुरले, किंचाळले, अडले. खरं सांगते, मुद्दाम नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. पहारेकरी धावत आला आणि त्यानंही हात घातला. माझी पहिली फळी हलली, मग दुसरी, आणि पलीकडचा अंधार हळूहळू पुढच्या दालनात येऊ लागला. टेकू गेल्याबरोबर तो पांढरा हंस कलंडला आणि चोचीवर आपटला. कुणीच हसलं नाही.

समिती उभी राहिली. छताला टेकलेला तो ढिगारा सगळ्यांना दिसला. डॉक्टरांच्या हातातलं बिस्किट तुटून चहात पडलं.

"यामागे दोन दारं आहेत," व्यवस्थापक म्हणाला. तो धापा टाकत होता. "दोन्ही बंद आहेत. मला माहीत होतं. मी तुम्हाला नेहमी अर्धंच सभागृह दाखवत आलो."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. हसू पार मावळलं होतं. "तुम्ही दाखवलंत अर्धं," ते म्हणाले, "पण अर्ध्यावर सही आम्ही केली."

त्या दिवशी संमती मिळाली नाही. मेळावा पुढे ढकलला. सजावटवाला बडबड करत आपलं सामान घेऊन गेला, हंसासकट. समितीनं वर कळवलं ते दोन्ही कळवलं, दारांचं आणि माणसं न मिळाल्याचंही. माणसं आली, मोटर आली, चाकांना तेल मिळालं. पण व्यवस्थापकाला इथून काढलं. त्याच्या नोकरीचा विषय निघाला तेव्हा आत्या बाहेर पायरीवर जाऊन बसली होती. नोकरी अगदीच गेली नाही, पण हुद्दा गेला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी ऐकायला बसवलं त्याला. आपल्या वस्तू न्यायला आला तेव्हा आत्या इथेच होती. तो तिच्या समोरून गेला, बोलला नाही. तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला फार वाईट वाटलं. आत्या पुढच्या पाहण्यांनाही येत राहिली, पण तिचा आवाज बसला होता. डॉक्टर विचारायचे, "भाचा काय म्हणतो?" ती म्हणायची, "बरा असेल."

आता पाहणीची वहिवाट बदललीये. चहाचा ट्रे येतो, पण त्यावर आधी हँडल ठेवलेलं असतं. मोटर असली तरी मला हातानं उघडूनच बघायचं, असं डॉक्टरांनी ठरवलंय. समितीतले सगळे एकेक फेरा फिरवतात, मग मागे जाऊन दोन्ही दारं ढकलून बघतात, आणि मगच कपाला हात लावतात. चहा बहुतेक वेळा गार होतो. डॉक्टर म्हणतात, दातांना गारच बरा.

शेवटी मेळाव्याचा दिवस उजाडला. मी घडी घालून कोनाड्यात उभी होते. सभागृह केवढं मोठं आहे, हे मीच विसरले होते! पोरांच्या गोंगाटानं छत दणाणत होतं. आत्या अगदी मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. शेजारच्या खुर्चीवर तिनं आपली पर्स ठेवली होती. कुणी विचारलं की म्हणायची, "माणूस येतोय." कोण येतोय, ते सांगायची नाही.

दिवे मंद व्हायला लागले तेव्हा तो आला. सवयीनं दारात वाकून. चिमीची आई पुढे जागा धरून बसली होती, तिकडे तो गेला नाही. मागच्या रांगेपाशी येऊन उभा राहिला. आत्यानं त्याच्याकडे न बघता पर्स उचलून मांडीवर घेतली.

तो बसला नाही. आधी दाराकडे गेला. आडव्या दांडीवर हात ठेवून त्यानं ढकललं. दार सहज उघडलं, बाहेरचा उजेड त्याच्या बुटांवर पडला. त्यानं दार अलगद लावून घेतलं आणि मग येऊन तिच्याशेजारी बसला.

"बघितलंस?" आत्यानं विचारलं.

"बघितलं. पलीकडचंही बघून आलोय."

आत्यानं डोळे पुसले आणि नाक ओढलं. मग तिचा तो जुना, भरल्या बसमधला आवाज परत आला. "मग सोडायची का गाडी?"

पुढच्या दोन रांगांनी वळून बघितलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि हसला. तेवढ्यात पोरांनी गायला सुरुवात केली.

मी अजून इथेच आहे, याच कोनाड्याशी. कापड विटलंय, ओरखडे आहेत, तेलकट पट्टाही आहे. पुन्हा कधी या शहरात आलात तर या इमारतीत नक्की या. ती तुमच्यासारख्यांचीच आहे. मी पसरलेली दिसले तर लाजू नका. हँडल मागून घ्या आणि मला सरकवून पलीकडे बघा. मी थोडी कुरकुरेन, तिकडे लक्ष देऊ नका. आणि चहाचं म्हणाल, तर तो इथे पुन्हा गरम करून मिळतो.